होम थिएटरची डिजिटल जोडणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होम थिएटर जोडण्यासाठी कोणकोणत्या डिजिटल केबल लागतात?

बहुतेक घरांत आता एचडीएमआय ही एकच केबल पुरते, कारण चित्र आणि आवाज दोन्ही तिच्यातूनच जातात. हिताची, मात्सुशिता, फिलिप्स, सिलिकॉन इमेज, सोनी, थॉमसन आणि तोशिबा या सात कंपन्यांनी मिळून ती तयार केली आणि डिसेंबर २००२ मध्ये तिची पहिली आवृत्ती जाहीर झाली. त्याआधी संगणकासाठी आलेल्या डीव्हीआय जोडणीतून फक्त चित्र जात असे आणि आवाजासाठी वेगळी वायर ओढावी लागे.

याखेरीज केवळ आवाजासाठीच्या दोन केबल अजून वापरात आहेत. ऑप्टिकल केबल तोशिबाने १९८३ मध्ये आणली. तिच्या प्लास्टिकच्या तंतूतून तांबडा प्रकाश धावतो. दुसरी कोअ‍ॅक्शियल डिजिटल केबल, जी ७५ ओहमच्या तांब्याच्या वायरीतून तोच संकेत विजेच्या रूपात नेते. संगणक जोडायचा असेल तर यूएसबी-सी आणि डिस्प्लेपोर्ट यांचाही प्रश्न येतो. त्याविषयी पुढे पाहू.

प्लेअर, टीव्ही आणि रिसीव्हर कोणत्या क्रमाने जोडावेत?

याचे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. पहिल्या मार्गात ब्लू-रे प्लेअर, गेम कन्सोल, सेट-टॉप बॉक्स अशी सगळी साधने रिसीव्हरच्या एचडीएमआय इनपुटला जोडायची आणि रिसीव्हरच्या आउटपुटमधून एक केबल टीव्हीकडे न्यायची. रिसीव्हर आवाज आपल्याकडे ठेवून स्पीकरना देतो आणि चित्र पुढे पाठवतो. दुसऱ्या मार्गात सगळी साधने थेट टीव्हीला लावायची आणि टीव्हीच्या ज्या पोर्टवर एआरसी किंवा ई-एआरसी असे लिहिलेले असते, तेथून आवाज साउंडबारकडे किंवा रिसीव्हरकडे परत आणायचा.

निवड करताना रिसीव्हरचे वय पाहावे. पहिल्या मार्गात चित्राची वाट रिसीव्हरमधून जाते, म्हणून रिसीव्हरला जे पेलत नाही ते टीव्हीपर्यंत पोहोचतच नाही. एचडीएमआय १.४ च्या काळातला रिसीव्हर ४के चित्र सेकंदाला ३० फ्रेमपर्यंतच नेऊ शकतो. त्यात एचडीसीपी २.२ हे नक्कलप्रतिबंधक संरक्षण नसेल तर ४के चित्रपट एकतर १०८० रेषांवर उतरतो किंवा दिसतच नाही. अशा वेळी चांगला टीव्ही घेऊनही चित्र सुधारत नाही आणि दोष विनाकारण टीव्हीला दिला जातो.

दुसऱ्या मार्गात ही अडचण टळते. मात्र आवाजाची सगळी मदार टीव्हीवर येते, कारण टीव्ही जो आवाज पुढे पाठवील तोच रिसीव्हरला मिळतो. रिसीव्हर नवा असेल तर पहिला मार्ग आणि रिसीव्हर जुना पण टीव्ही नवा असेल तर दुसरा, असे माझे साधारण मत आहे. काही ब्लू-रे प्लेअरना दोन एचडीएमआय आउटपुट असतात. त्यांतले एक टीव्हीला चित्रासाठी आणि दुसरे जुन्या रिसीव्हरला आवाजासाठी लावले की जुना पण उत्तम आवाजाचा रिसीव्हर अडगळीत टाकावा लागत नाही.

एआरसी आणि ई-एआरसी यांत नेमका काय फरक आहे?

दोन्हींचे काम एकच आहे : टीव्हीचा आवाज त्याच एचडीएमआय केबलमधून उलट दिशेने रिसीव्हरकडे आणणे. एआरसी २००९ मध्ये एचडीएमआय १.४ बरोबर आले आणि ई-एआरसी २०१७ मध्ये २.१ बरोबर. खरा फरक त्यांच्या क्षमतेत आहे. एआरसीमधून दोन वाहिन्यांचा साधा पीसीएम (आकुंचित न केलेला डिजिटल) आवाज किंवा डॉल्बी डिजिटलसारखा आकुंचित केलेला ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर यांचा) आवाज जातो. ई-एआरसीमधून आठ वाहिन्या, प्रत्येकी २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झ, अशा पूर्ण दर्जाने जाऊ शकतात. या तीन आकड्यांचा गुणाकार केला की सेकंदाला सुमारे ३७ मेगाबिट येतात, आणि ई-एआरसीची जाहीर केलेली मर्यादाही तेवढीच आहे. ब्लू-रेवरील डॉल्बी ट्रूएचडीला सेकंदाला जास्तीत जास्त १८ मेगाबिट आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओला २४.५ मेगाबिट लागतात. म्हणजे हे दोन्ही ई-एआरसीत सहज मावतात आणि एआरसीत मुळीच मावत नाहीत.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. डॉल्बी अ‍ॅटमॉससाठी, म्हणजे उंचीवरच्या स्पीकरमधूनही आवाज देणाऱ्या स्वरूपासाठी, ई-एआरसी असलेच पाहिजे असे पुष्कळदा सांगितले जाते. ऑनलाइन चित्रपटसेवा अ‍ॅटमॉस ज्या डॉल्बी डिजिटल प्लस स्वरूपातून पाठवतात ते आटोपशीर असते आणि टीव्हीने ते पुढे जाऊ दिले तर साध्या एआरसीमधूनही पोहोचते. ई-एआरसीची खरी गरज ब्लू-रे डिस्कवरच्या अ‍ॅटमॉसला लागते, कारण तेथे तो ट्रूएचडीमध्ये गुंफलेला असतो. गेम कन्सोलचीही गोष्ट अशीच आहे. कन्सोल अनेक वाहिन्यांचा पीसीएम देत असेल तर एआरसीवर त्याच्या दोनच वाहिन्या उरतात आणि मागचे स्पीकर मुके राहतात. कन्सोलच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये डॉल्बी निवडल्यास ही अडचण बऱ्याच अंशी सुटते.

दोन्ही टोकांना ई-एआरसी असेल तरच ई-एआरसी चालते. एका टोकाला केवळ एआरसी असेल तर जोडणी एआरसीवर उतरते. अनेक टीव्हींच्या मेन्यूत ई-एआरसी आधी सुरू करावे लागते, हेही विसरू नये.

टीव्हीला चार एचडीएमआय पोर्ट आहेत. कोणताही वापरला तर चालेल ना?

नाही. चारही पोर्ट दिसायला सारखे असले तरी त्यांची क्षमता बहुधा सारखी नसते. आवाज परत पाठवण्याची सोय सहसा एकाच पोर्टवर असते. सेकंदाला १२० फ्रेमचे ४के चित्र घेणारे पोर्ट अनेक टीव्हींत एक किंवा दोनच असतात, आणि कधीकधी त्यांतलेच एक ई-एआरसीसाठीही राखलेले असते. मग साउंडबार आणि गेम कन्सोल यांना एकाच पोर्टसाठी ओढाताण करावी लागते. टीव्हीच्या मागे पोर्टशेजारी छापलेली बारीक अक्षरे टॉर्च घेऊन वाचावीत; ती वाचली की पुढचे बरेच प्रश्न उरत नाहीत.

योग्य पोर्ट निवडल्यावरही एक पायरी राहते. पुष्कळ टीव्हींमध्ये पोर्टची पूर्ण क्षमता मूळ सेटिंगमध्ये बंद ठेवलेली असते, कारण जुनी साधने पूर्ण क्षमतेच्या पोर्टवर बिथरतात. हे सेटिंग निरनिराळ्या कंपन्यांच्या मेन्यूत एन्हान्स्ड, डीप कलर, यूएचडी कलर अशा वेगवेगळ्या नावांनी असते आणि प्रत्येक पोर्टसाठी स्वतंत्रपणे सुरू करावे लागते. प्लेअर एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला असलेले चित्र) देतो, टीव्ही एचडीआर दाखवतो, केबलही उत्तम आहे, आणि तरी चित्र फिके दिसते, अशा तक्रारीत पहिला संशय याच सेटिंगवर घ्यावा.

केबलच्या वेष्टनावर २.० किंवा २.१ असे लिहिलेले असते. त्यावर भरवसा ठेवावा का?

ठेवू नये. हे आकडे उपकरणांसाठीच्या मानकाचे आहेत. केबलची ओळख आवृत्तीने करू नये, असा एचडीएमआयचा परवाना देणाऱ्या संस्थेचाच नियम आहे. केबलचे वर्ग वेगळे आहेत. हाय स्पीड वर्गाची केबल सेकंदाला १०.२ गिगाबिटसाठी, प्रीमियम हाय स्पीड १८ गिगाबिटसाठी आणि अल्ट्रा हाय स्पीड ४८ गिगाबिटसाठी तपासलेली असते. शेवटच्या दोन वर्गांच्या वेष्टनावर क्यूआर संकेत असलेले प्रमाणपत्राचे लेबल असते आणि ते फोनवरील अधिकृत अ‍ॅपने पडताळता येते. २०२५ मध्ये आलेल्या २.२ मानकाने ९६ गिगाबिटचा आणखी एक वर्ग आणला आहे. मात्र घरातल्या आजच्या साधनांसाठी त्याच्या मागे धावण्याचे कारण नाही.

माझ्या गरजेला कोणता वर्ग पुरेल, हे कसे ठरवावे?

हिशेब अवघड नाही. ४के चित्रात ३८४० गुणिले २१६० ठिपके दिसतात, परंतु प्रत्येक ओळीच्या आणि प्रत्येक फ्रेमच्या शेवटी थोडी मोकळी जागा सोडलेली असते. ती धरून केबलमधून ४४०० गुणिले २२५० ठिपक्यांचा हिशेब चालतो. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर ५९ कोटी ४० लाख ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याला तीन रंग असतात आणि प्रत्येक रंगाचे आठ बिट वाटेत दहा होऊन जातात. गुणाकार १७.८२ गिगाबिट येतो. म्हणजे ४के ६० साठी प्रीमियम हाय स्पीड केबल पुरते, आणि ती १८ गिगाबिटसाठी तपासलेली का असते हेही येथे उमगते. १०८० रेषांच्या ६० फ्रेमच्या चित्राला याच रीतीने ४.४६ गिगाबिट लागतात, म्हणून कपाटात पडलेली जुनी हाय स्पीड केबलही त्यासाठी उत्तम चालते. ४के १२० किंवा ८के हवे असेल तरच अल्ट्रा हाय स्पीड घ्यावी.

ती मोकळी जागा वाया जात नाही, ही यातली मला फार आवडणारी बाब आहे. एचडीएमआयमध्ये आवाजासाठी स्वतंत्र तारच नाही. चित्राच्या ओळी संपल्यावर जी उसंत मिळते, तिच्यातच आवाजाची छोटी पाकिटे भरून पाठवलेली असतात. म्हणूनच एचडीएमआयमधून पुढे जाणाऱ्या आवाजाबरोबर काहीतरी चित्र, निदान काळे तरी, जावेच लागते.

महाग केबलने चित्र अधिक उजळ किंवा आवाज अधिक गोड होतो का?

होत नाही. केबलमधून आकडे जातात. ते नीट पोहोचले तर चित्र जसेच्या तसे उमटते, आणि पोहोचले नाहीत तर बिघाड डोळ्यांना लगेच दिसतो. रंग किंचित गडद होणे किंवा आवाजात ऊब येणे अशी मधली अवस्था नसते. जास्त पैसे मोजावेत ते प्रमाणपत्रासाठी, लांबीसाठी आणि मजबूत प्लगसाठी.

सोन्याचा मुलामा गंज रोखतो. त्यापलीकडे त्याचे काही काम नाही.

पडद्यावर मधूनच पांढरे ठिपके चमकतात किंवा चित्र क्षणभर जाते. हे कशामुळे?

ही बहुतेक वेळा केबल आपल्या मर्यादेवर आल्याची खूण असते. चमचमणारे ठिपके म्हणजे वाटेत बिघडलेले आकडे. चुका आणखी वाढल्या की टीव्हीची पकड सुटते आणि पडदा काळा होतो. आधी दोन्ही टोके काढून पुन्हा घट्ट बसवावीत, कारण एचडीएमआय प्लगला खटका नसतो. तो केवळ घर्षणाने जागेवर राहतो आणि जड केबलच्या वजनाने हळूहळू खाली कलतो. त्यानंतर प्लेअरमध्ये ४के ६० ऐवजी ४के ३० किंवा १०८० निवडून पाहावे. ठिपके नाहीसे झाले तर केबल अपुरी आहे असे समजावे आणि आखूड किंवा वरच्या वर्गाची केबल घ्यावी.

सर्व काही जोडूनही “सिग्नल नाही” असेच दिसते. काय करावे?

प्लग बसवल्यापासून चित्र दिसेपर्यंत काय घडते हे ठाऊक असेल तर दोष शोधणे सोपे जाते. एचडीएमआयच्या प्लगमध्ये १९ पिना असतात. प्लेअर आधी १८ व्या पिनेवर ५ व्होल्ट देतो. टीव्ही १९ व्या पिनेवरून आपण हजर असल्याचे कळवतो. मग प्लेअर १५ व्या आणि १६ व्या पिनेवरून टीव्हीची माहिती वाचतो : किती रेषा दाखवता येतात, एचडीआर आहे का, कोणता आवाज पेलतो. या माहितीला ईडीआयडी म्हणतात. तिच्यावरून प्लेअर काय पाठवायचे ते ठरवतो, दोघे एचडीसीपीच्या गुप्त किल्ल्यांची देवघेव करतात, आणि ती जमली तरच चित्रपट सुरू होतो. मध्ये रिसीव्हर असेल तर ही बोलणी दोनदा होतात.

या बोलण्यांतली एक पायरी फसली तरी केबल निर्दोष असून पडदा काळा राहतो. त्यामुळे सर्वप्रथम टीव्हीवर योग्य इनपुट निवडलेले आहे ना हे पाहावे. हा सल्ला बाळबोध वाटला तरी सर्वाधिक वेळा तोच कामी येतो. मग सगळी साधने मुख्य स्विचपासून बंद करून काही मिनिटे थांबावे, कारण केवळ रिमोटने बंद केलेले साधन अर्धवट जागेच असते आणि जुनी बोलणी विसरत नाही. पुन्हा सुरू करताना आधी टीव्ही, मग रिसीव्हर आणि शेवटी प्लेअर असा क्रम ठेवावा. एवढ्याने भागले नाही तर रिसीव्हर बाजूला ठेवून प्लेअर थेट टीव्हीला लावावा. चित्र आले तर दोष रिसीव्हरमध्ये किंवा त्याच्या सेटिंगमध्ये आहे.

सेट-टॉप बॉक्सचा मेन्यू दिसतो पण चित्रपट लावताच पडदा काळा होतो, असे असेल तर एचडीसीपीवर संशय घ्यावा. मेन्यूला संरक्षण लागत नाही, चित्रपटाला लागते.

ऑप्टिकल केबलमधून डॉल्बी अ‍ॅटमॉस ऐकता येईल का?

येणार नाही. ऑप्टिकल आणि कोअ‍ॅक्शियल दोन्हींमधून सोनी आणि फिलिप्स यांनी ठरवलेला एकच संकेत जातो, आणि त्यात दोन वाहिन्यांचा पीसीएम किंवा आकुंचित केलेला डॉल्बी डिजिटल अथवा डीटीएस ५.१ एवढेच मावते. डॉल्बी डिजिटलला सेकंदाला जास्तीत जास्त ६४० किलोबिट लागतात, म्हणून तो आरामात जातो. ट्रूएचडी, डीटीएस-एचडी आणि अ‍ॅटमॉस वाहून नेणारा डॉल्बी डिजिटल प्लस यांना येथे वाट नाही.

मग या जुन्या केबल टाकून द्याव्यात का?

मुळीच नाही. जुना रिसीव्हर, एचडीएमआय नसलेले स्पीकर किंवा सीडी प्लेअर यांच्यासाठी त्या आजही उत्तम आहेत. ऑप्टिकल केबलचा एक फायदा तर एचडीएमआयलाही नाही. तिच्यात धातू नसल्यामुळे दोन साधने विजेच्या दृष्टीने वेगळी राहतात, आणि अर्थिंगमधील फरकामुळे स्पीकरमध्ये येणारी घूं घूं तिच्यामुळे थांबू शकते. ती लावण्याआधी टोकावरचे पारदर्शक टोपण काढावे, कारण ते न काढताच प्लग दाबला जातो आणि सॉकेट तुटते. टीव्ही सुरू असताना केबलचे मोकळे टोक तळहातासमोर धरावे. हातावर तांबडा ठिपका दिसला तर आउटपुट सुरू आहे. ही केबल तीव्र कोनात वाकवू नये.

कोअ‍ॅक्शियलची बाब थोडी निराळी आहे. तिचा प्लग साध्या ऑडिओ वायरीच्या गोल प्लगसारखाच असतो, म्हणून डिजिटल आउटपुट चुकून अ‍ॅनालॉग इनपुटला लावले जाते आणि स्पीकरमधून कर्कश खरखर येते. अशी शंका असेल तर आधी आवाज अगदी कमी करावा. उलट बाजूने एक सोयही आहे : जुन्या व्हिडिओची पिवळ्या प्लगची वायर ७५ ओहमचीच असते आणि या कामासाठी बिनदिक्कत वापरता येते.

आवाजाच्या सेटिंगमध्ये पीसीएम निवडावे की बिटस्ट्रीम?

बिटस्ट्रीम निवडल्यास प्लेअर आवाज न उलगडता तसाच पाठवतो आणि रिसीव्हर तो उलगडतो. पीसीएम निवडल्यास उलगडण्याचे काम प्लेअर करतो. अ‍ॅटमॉस असलेली डिस्क लावायची असेल तर बिटस्ट्रीम निवडावे, म्हणजे उंचीच्या स्पीकरची माहिती वाटेत गळत नाही. दोनच स्पीकर असतील तर पीसीएम ठेवावे. टीव्हीमार्फत आवाज जात असेल तर टीव्हीच्या मेन्यूतही पास-थ्रू (आवाज न बदलता पुढे सोडणे) निवडावे लागते, आणि अनेक टीव्ही डीटीएस पुढे पाठवत नाहीत, हे लक्षात ठेवून प्लेअर निवडावा.

आवाज आणि ओठांची हालचाल जुळत नाही. केबल बदलावी का?

केबल बदलून हा दोष जाणार नाही. टीव्ही चित्रावर संस्कार करण्यात वेळ घालवतो आणि तोवर आवाज पुढे निघून जातो. रिसीव्हरमध्ये आवाजाला विलंब देण्याचे सेटिंग असते. एखाद्या माणसाचे बोलणे जवळून दिसेल असे दृश्य लावून ते थोडेथोडे वाढवत जावे. ई-एआरसीमध्ये हा विलंब जुळवण्याची सोय सक्तीची आहे, त्यामुळे तेथे ही तक्रार कमी येते. आवाज चित्राच्या मागे पडत असेल तर मात्र विलंब शून्यावर आणावा आणि टीव्हीचा गेम मोड (चित्रावरचे संस्कार कमी करणारे सेटिंग) बंद करून पाहावा.

एका रिमोटने सगळी साधने चालतात ती कशी? आणि नको असेल तर?

एचडीएमआयच्या १३ व्या पिनेवरून साधने एकमेकांना साधे हुकूम देतात. या सोयीला सीईसी म्हणतात. सॅमसंग तिला अ‍ॅनीनेट प्लस, सोनी ब्राव्हिया सिंक, एलजी सिम्पलिंक आणि पॅनासॉनिक विएरा लिंक म्हणते, म्हणून मेन्यूत सीईसी हे नाव शोधून सापडत नाही. आवाज आपोआप वेगळ्याच इनपुटवर उडी मारत असेल तर ज्या साधनाची ही लुडबूड असेल त्याचे सीईसी बंद करावे. टीव्हीचे मात्र बंद करू नये, कारण साधे एआरसी सीईसीवरच अवलंबून असते आणि त्याच्याबरोबर साउंडबारही गप्प होतो.

प्रोजेक्टर खोलीच्या दुसऱ्या टोकाला आहे. एचडीएमआय केबल किती लांब चालेल?

४८ गिगाबिटची तांब्याची केबल साधारण तीन ते पाच मीटरपर्यंतच भरवशाची असते. १८ गिगाबिटसाठी थोडी सवलत मिळते आणि १०८० रेषांसाठी त्याहून बरीच अधिक. दहा मीटर किंवा त्यापुढे ४के न्यायचे असेल तर अ‍ॅक्टिव्ह ऑप्टिकल एचडीएमआय केबल घ्यावी. तिच्या दोन्ही टोकांच्या प्लगमध्ये विजेचे प्रकाशात आणि प्रकाशाचे विजेत रूपांतर करणारे सर्किट असते, म्हणून ती एकाच दिशेने चालते. सोर्स लिहिलेले टोक प्लेअरकडे किंवा रिसीव्हरकडे आणि डिस्प्ले लिहिलेले टोक प्रोजेक्टरकडे ठेवावे. उलटी लावल्यास काहीच दिसत नाही, आणि ती भिंतीत गाडल्यावर हे लक्षात आले तर भिंत फोडावी लागते. म्हणून केबल आधी जमिनीवर पसरून दोन्ही टोके लावून पाहावी, मगच पाइपमधून ओढावी. पाइप एवढा रुंद असावा की प्लग त्यातून जाईल आणि पुढे केबल बदलता येईल.

दुसरा पर्याय एचडीबेसटी हा आहे. तो नेटवर्कच्या केबलवरून चित्र आणि आवाज १०० मीटरपर्यंत नेऊ शकतो, मात्र दोन्ही टोकांना वेगळी पेटी लागते आणि पेटीची क्षमता पाहूनच ती घ्यावी लागते.

लॅपटॉप टीव्हीला कसा जोडावा?

लॅपटॉपला एचडीएमआय असेल तर प्रश्नच नाही. यूएसबी-सी असेल तर त्यातून चित्र बाहेर पडते का, हे आधी तपासावे, कारण सारख्याच आकाराचे अनेक यूएसबी-सी पोर्ट फक्त चार्जिंग आणि फायलींपुरते असतात. डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआयकडे जाणारी साधी केबल बहुतेक संगणकांवर चालते, पण ती उलट दिशेने चालत नाही. एचडीएमआयकडून डिस्प्लेपोर्टकडे जाण्यासाठी वीज घेणारा अ‍ॅडॅप्टर लागतो. डीव्हीआय असलेल्या जुन्या संगणकाला साधा अ‍ॅडॅप्टर पुरतो, मात्र आवाजाची वायर बहुधा वेगळी ओढावी लागते. चित्र आले आणि आवाज लॅपटॉपमधूनच येत राहिला तर संगणकाच्या ध्वनी सेटिंगमध्ये आउटपुट म्हणून टीव्ही किंवा रिसीव्हर निवडावा.

साधने सुरू असताना केबल काढली किंवा लावली तर बिघडतात का?

एचडीएमआयची रचना सुरू साधनांवर जोडता यावे अशीच आहे. तरीही टीव्हीला बाहेरून येणारी डिश किंवा अँटेनाची वायर जोडलेली असेल, तर तिच्यावरून येणारा विद्युतभार जोडताना पोर्टमध्ये उतरू शकतो. म्हणून अशा जोडणीत आधी मुख्य स्विच बंद करावेत, मग प्लगला हात लावावा.